बाबल्या, जावयाला वाढ

रत्नागिरीत दादू पेंटरला सगळे ओळखत, एक त्याची सासू सोडून.

मांडवीच्या वाटेवरच्या सलूनची पाटी दादूची. मिरकरवाड्यातल्या निम्म्या होड्यांवरची नावं त्याची. गाडीतळाजवळच्या भिंतीवर 'येथे लघवी करू नये' असं जे सुरेख वळणदार अक्षरांत लिहिलं होतं, तेही त्याचंच. लोक त्या अक्षरांचं कौतुक करत तिथेच उभे राहत आणि आपलं काम उरकून जात. दादूला त्याचं वाईट वाटत नसे. अक्षर चांगलं असलं की माणूस थांबतो, एवढंच तो म्हणे.

सासू म्हणजे मालनमावशी. एसटी स्टँडच्या मागे तिची खानावळ होती. नवरा बोटीवर सारंग होता. एका खेपेला गेला तो परत आलाच नाही. पदरात रघू आणि विमल अशी दोन पोरं. मावशीने रडायचं ते आठ दिवस रडून घेतलं, नवव्या दिवशी चूल पेटवली आणि पुढची तीस वर्षं ड्रायव्हर-कंडक्टरांना जेवू घातलं. लांज्याच्या गाडीवरच्याला आमटीत तिरफळं चालत नाहीत, देवरूखच्याला भात मऊ लागतो, हे तिला तोंडपाठ. पानात भात टाकणाऱ्याच्या मनगटावर ती पळी मारी. तिच्या खानावळीत पंगतीचेही कायदे होते. पुढच्या ओळीत कायम नोकरीवाले, मागे हंगामी, आणि अगदी दाराशी, जिथे कुत्रं येऊन तोंडाकडे बघत बसायचं, तिथे मावशीच्या मर्जीतून उतरलेले.

दादू त्या दाराशी चौदा वर्षं जेवला.

विमलला त्याने मागणी घातली तेव्हा तो नाटकांचे पडदे रंगवायचा. जंगल, राजवाडा आणि रस्ता, एवढ्या तीन पडद्यांवर आख्ख्या तालुक्याची नाटकं होत. मावशीला जावई हवा होता सरकारी, पेन्शनवाला. तिने विचारलं, "काय करतंस?"

"रंगवतो."

"काय रंगवतंस?"

"लोक सांगतील ते."

"मग मी सांगतंय. तोंड काळं कर."

विमल मात्र आईचीच मुलगी. तिने ऐकलं नाही. लग्न झालं, मावशी आली, अक्षता टाकल्या, जेवली, जेवण वाईट होतं हेही सांगून गेली. पण दादूला 'जावई' म्हणून तिने कधी हाक मारली नाही. 'तो बोर्डवाला' म्हणायची. त्यानेही मग गिऱ्हाइकांसारखं 'मावशी'च म्हणायचं ठरवलं. तीन वर्षांनी येणारा अधिक महिना म्हणजे जावयांची दिवाळी. सासूने दिवा लावून तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, जावयाने नको नको म्हणत सगळे खायचे. दादूच्या लग्नानंतर असे पाच अधिक महिने आले नि गेले. मावशीने त्याला एक बत्तासासुद्धा दिला नाही. दादू ते हसण्यावारी नेई. खरं सांगायचं तर त्याला ते लागलं होतं, चांगलंच लागलं होतं. चाळिशी उलटलेला पुरुष अनारशासाठी झुरतो हे कोणाला सांगणार?

मग मावशी विसरायला लागली. आधी मीठ विसरली. मग एकाच ड्रायव्हरला तीनदा भात वाढून शेजारच्याला कोरडं पान चाटायला लावू लागली. एक दिवस कढीत साबणाचा चुरा पडला आणि खानावळ बंद झाली. रघू मुंबईहून आला आणि "आई माझ्याकडे राहील" असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून तिला घेऊन गेला. सोळाव्या दिवशी परत आणून पोचवली. चाळीत शेजारच्या खोलीत शिरून तिथल्या कर्त्या माणसाला, भात टाकला म्हणून, तिने पळीने झोडपलं होतं. रघूला दोष तरी काय द्यायचा? दहा बाय बाराची खोली, बायको, तीन पोरं, आणि पळीवाली आई. जाताना तो विमलच्या गळ्यात पडून रडला. मग दर महिन्याला त्याची पत्रं येऊ लागली, आईच्या टाळूवर बदामाचं तेल चोळा म्हणून.

डॉक्टर म्हणाले, मेंदू आकसतोय, ह्याला औषध नाही. एवढं सांगून त्यांनी टॉनिक लिहून दिलं. औषध नाही म्हणायचं आणि बाटली गळ्यात मारायची, ही विद्या दादूला फार आवडली. शेजारची सावित्री म्हणाली बाहेरचं असेल, नारळ उतरवून टाका. नारळ उतरवला, तो टाकायला नेण्याआधीच मावशीने फोडला, खवला आणि म्हणाली, "आज आमटीचं वाटप झकास व्हईल."

विमल टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. दिवसभर कानाला हेडफोन लावून गुहागरला मुंबई जोडून द्यायची. दादूचं काम घरच्या पडवीत चाले. तेव्हा सासू कोणाच्या वाट्याला येणार ह्यावर फारशी चर्चा झाली नाही. जगात जावयाला सासुरवाडीला चौरंगावर बसवतात. दादू सासूचं लुगडं पिळत मागच्या अंगणात उभा राहू लागला. मिरकरवाड्यातले खलाशी विचारत, "काय पेंटर, सासुरवास कसा काय?" दादू म्हणे, "तुमच्या बायकांना विचारा. त्यांना जास्त अनुभव."

त्यातून मावशीने त्याला नवीन नोकरी दिली. खानावळीत पूर्वी बाबल्या नावाचा एक गडी होता. भांडी घासायचा, मासे साफ करायचा, आणि एका सकाळी कोणाला न सांगता पळून गेला होता. दादू लुगडं पिळताना दिसला आणि मावशीचे डोळे चमकले. "आलास मेल्या? कुटं उलथला व्हतास इतके दिवस?" त्या दिवसापासून दादू बाबल्या झाला. बाबल्या, पाणी काढ. बाबल्या, सुकट चोरून खाल्लीस काय? बाबल्या, देवरूखची गाडी आली, पानं मांड.

इथेच दादूची खरी गोची झाली. चौदा वर्षं तो मनात एक आशा धरून होता. म्हातारी कधीतरी विरघळेल, मरायच्या आधी, तिच्या किंवा त्याच्या, एकदा तरी जावई म्हणेल. शिव्या देणारं माणूस एक दिवस बदलू शकतं. पण ती आता दादूला विसरूनच गेली. बोर्डवाला म्हणून मिळणाऱ्या शिव्याही बंद झाल्या. मिळायच्या त्या बाबल्याच्या वाट्याच्या.

संध्याकाळी विमल ड्युटीवरून आली की विचारी, "आज काय केलं आईनं?" सांगायची पंचाईत. मावशीची आठवण गेली होती, कान शाबूत होते. दादूने "आज तिने" एवढं म्हणायचा अवकाश, आतून आवाज येई, "कोनाची निंदा चाललीय? माज्या खानावळीत हे नाय चालायचं!" आणि मागोमाग पळी येई. वर पुढचा अर्धा तास ती हमसून हमसून रडे. कोणीतरी आपल्याबद्दल बोलत होतं एवढंच तिच्यात उरे, आणि तेवढं पुरत असे.

त्या वर्षी, म्हणजे पंच्याऐंशी साली, ज्येष्ठात दादूने गणपतीची भिंत चुन्याने पांढरी करून ठेवली होती. गणपतीमागची भिंत दरसाल सारवून, चुना मारून तिच्यावर चित्रं काढायची ही राजापूरकडची चाल, मावशीच्या माहेरची. विमलने ती घरी आणली होती. दादू दरवर्षी तिथे मोर, कमळं, एखादा वनवासाला निघालेला राम काढी. तर त्या कोऱ्या भिंतीसमोर तो एका संध्याकाळी उभा होता, विमल "आज काय केलं?" म्हणून विचारत होती, आणि आत मावशी कान टवकारून बसली होती. दादूने चुलीतला कोळसा उचलला. बोर्ड रंगवण्याआधी आखतो तशी एक चौकट आखली आणि त्या दिवशीचं काढून दाखवलं.

त्या दिवशी मावशी लांज्याच्या गाडीत चढली होती. बसलेल्या उतारूंना "किती ताटं?" विचारत मागपर्यंत गेली. कंडक्टर जुना गिऱ्हाईक, गंगाराम. तो गंभीरपणे म्हणाला, "अठ्ठावीस, मावशी, आणि दोन उभे." मग हात धरून तिला घरी आणून सोडली, तोवर लांज्याची गाडी वीस मिनिटं थांबून राहिली, कोणी हूं की चूं केलं नाही.

चित्रात काष्टा मारलेली एक काटकुळी म्हातारी, नाक हे एवढं, हातात पळी उगारलेली. खिडक्या-खिडक्यांतून भेदरलेली तोंडं. आणि गाडीकडे धावणारा, दादूसारखाच एक मिशीवाला, कानावर ब्रश, लेंगा अर्धा सुटलेला. विमलने पाहिलं. तोंडावर पदर दाबून ती हसायला लागली, हसता हसता खाली बसली. मग जरा रडली, पण हसण्याच्या मानाने कमी.

सकाळी दादू उठला तर मावशी भिंतीसमोर. मावशीचा आणि तिच्या स्वतःच्या चेहऱ्याचा आधीच तंटा होता. आरशातली बाई आपल्या घरात घुसलीय असं तिचं म्हणणं. तिच्यावर तिने एकदा गरम चहा फेकला होता आणि तेव्हापासून घरातले सगळे आरसे भिंतीकडे तोंड करून होते. दादू स्वयंपाकघरातल्या पातेल्याच्या बुडात बघून दाढी करी. आता ह्या चित्रावर काय फेकणार ह्या भीतीने तो बघत राहिला. मावशी खुदखुदली.

"बाबल्या, ही म्हातारी बघितलीस? येडी हाय पार. कोनाची रे?"

"आहे एका घरची."

"घरात मानसं नायत तिच्या?"

"आहेत की."

"मग अशी मोकळी सोडतात कशी?"

दादू पाणी काढायला गेला.

पण त्या दिवसापासून घराला एक छंद लागला. रोज एक चौकट. संध्याकाळी विमल वाची, सकाळी मावशी. उठल्या उठल्या ती विचारी, "काल काय केलान त्या म्हातारीनं?" म्हातारीने बांगडे विमलच्या लग्नातल्या शालूत गुंडाळून ठेवले. म्हातारीने पोस्टमनला पाटावर बसवून जेवू घातलं आणि त्याची पत्रं चुलीत सारली. म्हातारीने टॉनिकची बाटली तुळशीत ओतली. तुळस मात्र तरारली. मावशी एकेका चौकटीपुढे थांबून म्हातारीला शिव्या घाली, तिची कीव करी, आणि एकदा म्हणालीही, "पन सभाव बरा असंल हिचा, बघ. नाकावरनं समजतं." मिशीवाल्याकडे तिने कधी ढुंकून पाहिलं नाही. तिला त्याची सवयच नव्हती.

एक चौकट दादूने काढू की नको करत दोन दिवस घालवले. मावशीची आंघोळ वगैरे विमल ड्युटीवर जाण्याआधी उरकून घेई. पण त्या दुपारी मावशीचं पोट बिघडलं, लुगडं, पाय, जमीन सगळं भरलं, आणि विमल यायला चार तास. सावित्री देवरूखला लग्नाला गेलेली. दादू न्हाणीघराच्या दाराशी उभा राहिला. घाणीचं त्याला काही नव्हतं. होड्यांच्या तळाचं शेवाळ खरवडलेला माणूस तो. पण सासूला जावयाने बघायचं कसं? तिला कळत नसेल, त्याला तर कळत होतं. शेवटी त्याने पंचा घेतला, स्वतःच्या डोळ्यांवर करकचून बांधला, आणि चाचपडत चाचपडत तांब्याने पाणी ओतायला लागला. पहिला तांब्या भिंतीवर. दुसरा स्वतःच्या डोक्यावर. तिसऱ्याच्या वेळी तो चुलवणावर जाऊन आदळला आणि कपाळ फुटलं.

"बाबल्या," मावशी म्हणाली, "डोळे कशाला बांधलेस? आंधळी कोशिंबीर खेळतंस काय?"

"हो मावशी."

"मग मी हकडं हाय."

आणि तिने टाळी वाजवली. तो टाळीच्या दिशेने पाणी ओतत गेला आणि म्हातारी न्हाली. नंतर तो पडवीत बसून रडला. कपाळ ठणकत होतं म्हणून, असं त्याने स्वतःला सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्याने ती चौकट काढली. म्हातारी पाठमोरी, लुगड्यात नीट झाकलेली, हात वर करून टाळी वाजवतेय, आणि डोळ्याला पंचा बांधलेला मिशीवाला तांब्या घेऊन भलतीकडेच चाललाय, कपाळावर टेंगूळ. विमलने ते चित्र पाहिलं. त्या दिवशी ती हसली नाही. रात्री तिने त्याच्या कपाळाला हळद लावली.

त्या वर्षी श्रावण अधिक आला. विमलच्या मनात आलं, आईच्या हातून आता तरी होऊन जाऊ दे. रात्री जागून तिने तांदूळ भिजवले, वाटले, गूळ घातला, तेहतीस अनारसे तळले. एकही हसला नाही की फुटला नाही. ताट मांडलं, निरांजन लावलं, दादू नवा सदरा घालून पाटावर बसला. सदऱ्याची घडी त्याने आदल्या दिवशी तीनदा उलगडून पाहिली होती. विमलने आईच्या हातात ताट दिलं. "आई, जावयाला वाण दे."

मावशीने ताटाकडे पाहिलं, दादूकडे पाहिलं. "बाबल्याला? गड्याला वाण देतात काय गो? आनि माजी विमल तर अजून लग्नाची हाय. माजा जावाय येईल तवा त्येला देईन." तिने अनारसे डब्यात भरले आणि डबा घेऊन गेली. कुठे ठेवला ते देव जाणे. विमलने दोन दिवस शोधला. तांदळाच्या कणगीत, गाद्यांच्या ढिगात, विहिरीतसुद्धा डोकावली. नाही म्हणजे नाही.

"मला गोड सोसतच नाही आताशा," दादू म्हणाला आणि नवा सदरा घडी करून पेटीत ठेवला. भिंतीवर त्या दिवशीची चौकट निघाली: म्हातारी डब्यावर बसलीय आणि मिशीवाला दारातून बघतोय, जीभ गुडघ्यापर्यंत. विमल म्हणाली, "जीभ जरा लांब झाली." दादू म्हणाला, "मोजून काढलीय."

भाद्रपद उजाडला. हरतालिकेच्या सकाळी रघू मुंबईहून आला, रात्रभर एसटीत उभा राहून. बॅगेत आईसाठी लुगडं, बदामाच्या तेलाची बाटली. विमल उपाशी, मखर बांधत होती. गणपती दुसऱ्या दिवशी यायचा आणि भिंत अजून तशीच, पाऊणभर चौकटींनी भरलेली. दादूने पंधरा दिवस उद्या उद्या करत चुन्याची बादली पुढे ढकलली होती.

रघूने बॅग हातातच धरून भिंत वाचली. सुरुवातीला त्याला कळेना. मग नाक ओळखलं.

"भावजी, ही आई आहे?"

दादू कानावरचा ब्रश काढून पुसायला लागला.

"आमच्या आईची थट्टा? देवाच्या भिंतीवर? लोक दर्शनाला येणार उद्या! तीस वर्षं राबली ती बाई, आणि तुम्ही तिला," त्याने भिंतीकडे बोट केलं, "तुम्ही तिचं कार्टून केलंत!"

"रघू, मला ह्याच्यावर दिवस काढता येतात," विमल म्हणाली. "तू नसतोस इथं."

"मी नसतो म्हणून काय वाट्टेल ते?" रघूचा आवाज फाटला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटे नव्हते. दादूला तेच बोचलं. रघू नुसता ओरडला असता तर तो चार टोमणे हाणून मोकळा झाला असता. पण रडणाऱ्या मुलासमोर आपण त्याच्या आईचं नाक केवढं काढलंय हे त्याला एकदम दिसलं. त्याने बादली आणली, चुना ढवळला आणि पहिल्या ओळीवर कुंचल्याचा पहिला फटकारा मारला. लांज्याची गाडी अठ्ठावीस उतारूंसकट पांढरी झाली. दुसरा फटकारा न्हाणीघराच्या चौकटीकडे गेला.

मनगटावर पळी बसली.

"मेल्या बाबल्या! जावयाच्या तोंडावर चुना मारतंस?"

मावशी मध्ये उभी होती. दादूच्या हातातला कुंचला ठिबकत राहिला. मावशीने रघूकडे वळून पाहिलं आणि तिचा चेहरा गिऱ्हाइकासमोर व्हायचा तसा झाला.

"बसा वो. देवरूखच्या गाडीवरचे ना तुमी? भात मऊ केलाय. आमच्या गड्याला अक्कल नाय, तुमी मनावर घेऊ नका."

रघूने बॅग छातीशी धरली.

"ही बघितलीत म्हातारी?" मावशी त्याला भिंत दाखवू लागली. "येडी हाय. पन नशिबाची. ह्यो मिशीवाला बघा. कोन असंल?"

रघू पुटपुटला, "गडी असेल."

"गडी?" मावशी हसली. "गडी असता तर पळाला असता. ह्यो आमचा बाबल्या नाय पळाला? ल्योक म्हनाल, तर ल्योक असता तर म्हमईला असता. नवरा म्हनाल, तर इतका गरीब नवरा मी तरी कुटं बघितला नाय." तिने बोट त्या पंच्यावर ठेवलं. "डोळे बांधलान, कपाळ फोडून घेतलान, पन म्हातारीची लाज राखलान. अशी लाज राखतात कोनाची? सासूची. ह्यो जावाय हाय तिचा. खुळ्यांनो, तुमच्या ध्यानात कसं येत नाय?"

रघू खाली बसला, पाटावर नाही, जमिनीवरच. बॅग त्याने मांडीवर घेतली आणि तोंड तिच्यामागे नेलं. विमल मखराची सुतळी हातात धरून उभी राहिली.

चौदा वर्षं ज्या शब्दासाठी दादू दाराशी बसून जेवला, तो शब्द म्हातारी बोलली होती, आणि त्याच्याकडे पाठ करून.

"उभा काय ऱ्हायलास बाबल्या? जावयाला वाढ!"

ती पडवीत गेली. तिथे दादूचे रंगांचे डालड्याचे डबे ओळीने लावलेले होते, निळा, शेंदरी, होड्यांचा हिरवा. दोन दिवस विमलने आख्खं घर उलथं केलं होतं, पण नवऱ्याच्या रंगाच्या डब्यांना हात लावायचा नाही ही तिची शिस्त. आणि दादूने स्वतःच्याच डब्यांत अनारसे कशाला शोधावेत? पांढऱ्या आणि काळ्याच्या मधून मावशीने एक डबा अचूक उचलला. झाकण काढलं. अनारशांवर हिरवी मखमल चढली होती, टर्पेंटाइनचा वास येत होता. तिने एकेक काढून ताटात रचले, ताट भिंतीशी ठेवलं, मिशीवाल्याच्या बरोबर समोर, आणि विमलकडून निरांजन मागून घेऊन चित्राला ओवाळलं. काजळीचा एक डाग मिशीवर पडला.

ती थोडा वेळ वाट बघत राहिली. मग दादूला कुजबुजत म्हणाली, "लाजतोय. चार मानसांत खायाचा नाय. तू खा त्येच्या वतीचा."

"आई, खराब झालेत ते," रघू म्हणाला.

दादूने एक अनारसा उचलला, पंच्याने पुसला आणि खाल्ला. कडू होता, आंबट होता, मागाहून कुठेतरी गूळ होता. त्याने दुसरा उचलला. विमल "अहो, पोट," म्हणाली. दुसराही त्याने खाल्ला, सावकाश, खसखस दातांत शोधत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते त्याने पुसलं नाही. टर्पेंटाइनवर ढकलायची सोय होती.

"काय म्हनाला जावाय?" मावशीने विचारलं.

"म्हणाला, फार छान झालेत."

मावशीने मान डोलवली. मग दादूच्या दंडाला धरून तिने त्याला जवळ ओढलं. देवरूखच्या गाडीवरच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू ती बोलली.

"त्येला सांग, उशीर झाला ते मनात ठेवू नको. म्हातारीला द्यायचंच व्हतं. पन तिच्या काय ध्यानात ऱ्हात नाय."

"सांगतो, मावशी."

"आता सांग. माज्यासमोर."

दादूने कुंचला बादलीत सोडला, भिंतीकडे वळला आणि त्या मिशीवाल्याला सगळा निरोप, शब्द न गाळता, मोठ्याने सांगितला.